जोडा चावतो कोठें?

जोडा कोठें चावतो हें ज्याचें त्यालाच ठाऊक, असें आपण म्हणतों. आणि तें खरें समजून आम्हीही पुष्कळ वर्षें निर्धास्त होतों. परंतु ज्याच्या पायाला जोडा चावतो त्यालाच तें कळत नाहीं, असाही प्रसंग येतो. तो आमच्या घरीं आला, आणि आमच्याच हातून ओढवला, म्हणून वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

आमचे वडील, अप्पा, आज ७२ वर्षांचे आहेत. गेलीं १२ वर्षें त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनीं रोज चालण्याचा नेम सांगितल्यापासून सकाळीं सदाशिव पेठेंतून सारसबागेपर्यंत जाऊन येणें त्यांनीं कधीं चुकविलें नाहीं. उभा जन्म त्यांनीं कोल्हापुरी वहाणांवर काढला. कोल्हापुरी वहाण टिकाऊ खरी, बाजारहाटाला ठीकही. पण तिचा तळ कठीण, टांच मोकळी, आणि चालतांना ती निसटूं नये म्हणून बोटें आवळून धरावीं लागतात. रोज तासभर चालणाऱ्या वृद्धाला ती सोयीची नव्हे. म्हणून गेल्या वर्षीं त्यांच्या वाढदिवसाला बूट आणावे असें आम्हीं ठरविलें.

ते कसे आणले तें सांगण्यासारखें नाहीं, तरी सांगतों. कचेरींतून परततांना एका दुकानांत शिरलों. अप्पांना बरोबर नेलें नव्हतें. कोणा नातलगाच्या लग्नासाठीं पूर्वीं घेतलेल्या त्यांच्या जोड्यावरचा आंकडा तेवढा पाहून ठेवला होता. त्याच आंकड्याचे, निमुळत्या नाकाचे, दिसावयास मोठे रुबाबदार बूट उचलले. "थोडे घट्ट वाटले तरी आठ दिवसांत सैल होतील," असें दुकानदार म्हणाला, तेंही पटलें. सायंकाळीं अप्पांनीं ते पायांत घातले, माजघरांत चार पावलें टाकून दाखविलीं, आणि "छान आहेत हो!" म्हणाले. मुलानें आणलेली वस्तु. ते दुसरें काय म्हणणार?

सहाव्या दिवशीं पायमोजे धुवावयास घेतांना आमच्या सौभाग्यवतींस एकावर रक्ताचा डाग दिसला. अप्पांच्या उजव्या पायाची करंगळी घासून सोलवटली होती. "अप्पा, तुम्ही बोललांत कां नाहीं?" असें तिनें विचारलें, तेव्हां ते चकित होऊन म्हणाले, "अग, पण मला कांहीं दुखलेंच नाहीं!" दीर्घ काळच्या मधुमेहानें पायांतील मज्जातंतू क्षीण होतात, वेदना कळेनाशी होते, आणि रक्ताचा पुरवठा मंदावला असल्यास जखमही लवकर भरत नाहीं, हें डॉक्टरांनीं आम्हांस समजावून सांगितलें. दोन महिने मलमपट्टी झाली. अखेर करंगळीचें एक पेर काढावें लागलें.

आमच्या घरीं सणावारीं, परीक्षेला जातांना, प्रवासाला निघतांना लहानमोठीं सर्व माणसें अप्पांच्या पायां पडतात. त्या पायांवर आम्हीं जन्मभर डोकें ठेवलें, पण ते पाय एकदांही नीट न्याहाळले नव्हते. पादत्राण ही आपल्याकडे उंबऱ्याबाहेरची वस्तु. तिच्याविषयीं विचार तो काय करावयाचा! शालूसाठीं दहा दुकानें हिंडणारीं माणसें जोडा दहा मिनिटांत घेतात.

अप्पा बरे झाल्यावर दुसरा जोडा घ्यावयाचा तो शिकून घ्यावयाचा, असें मनाशीं ठरविलें. पहिली गोष्ट कळली ती ही कीं, जोड्यावरचा आंकडा फार थोडें सांगतो. आपल्याकडे रूढ असलेला इंग्रजी आंकडा केवळ लांबीचा. एका आंकड्यापासून पुढच्यापर्यंत लांबी इंचाच्या तिसऱ्या हिश्शानें वाढते, इतकेंच. रुंदीचा त्यांत पत्ता नाहीं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें २०२१-२२ सालीं देशभरांतील एक लाखाहून अधिक माणसांच्या पायांचीं मापें घेतलीं, तेव्हां आपले पाय युरोप-अमेरिकेंतील लोकांच्या पायांपेक्षां सामान्यतः रुंद असल्याचें आढळलें. रुंद पायाला अरुंद जोडा मिळाला कीं माणूस एक तर बोटें चेंगरून घेतो, नाहीं तर रुंदीसाठीं आंकडा वाढवून टांच निसटणारा जोडा पदरीं घेतो. शिवाय वयपरत्वें पायाची कमान बसते व पाऊल पसरतें. दहा वर्षांपूर्वींच्या आंकड्यावर विसंबणें हाच आमचा पहिला अपराध होता.

मग एका सायंकाळीं अप्पांना घेऊन निघालों. सायंकाळच अशासाठीं कीं, दिवसभराच्या वावरण्यानें पाय किंचित सुजतो. सकाळीं बेताचा वाटलेला जोडा संध्याकाळीं आवळतो. निघण्यापूर्वीं त्यांना कागदावर उभें करून दोन्ही पावलांची आकृति पेन्सिलीनें काढून घेतली. बसवून काढूं नये, कारण अंगाचा भार पडला म्हणजेच पाऊल पुरतें पसरतें. तेव्हां दिसलें कीं त्यांचा उजवा पाय डाव्याहून मोठा आहे. माप मोठ्या पायाचें धरावयाचें. दुकानांत प्रत्येक बूट त्या आकृतीवर ठेवून पाहिला. रेघ बुटाबाहेर डोकावली कीं तो बूट परत. अशा रीतीनें आमच्या आवडीचे सारे रुबाबदार बूट बाद झाले!

उरलेल्यांपैकीं एक जोडी नेहमीचे पायमोजे घालून अप्पांनीं चढविली. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढें (आणि तें अंगठाच असतें असें नाहीं) सुमारें अर्धा इंच जागा उरते का, चालतांना टांच निसटते का, हें पाहिलें. बूट हातांनीं वाकवून पाहिला. तो बोटांच्या मुळाशीं वाकावा, मध्येंच दुमडूं नये. आंत हात घालून शिवण टोंचते का तें चाचपलें. नाडीचा बूट पसंत केला, कारण पाय सुजला तर नाडी सैल करतां येते. दहा मिनिटें दुकानांतच चालविलें, आणि बूट काढल्यावर कातडीवर कोठें तांबडा वळ उठला आहे का तें आम्हीं स्वतः पाहिलें. हें शेवटचें सर्वांत महत्त्वाचें. जेथें पायालाच कळत नाहीं, तेथें दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावयास हवें. "वापरून सैल होतील," असें येथील दुकानदारही एका जोडीविषयीं म्हणाला, तेव्हां अप्पाच हंसले. जोडा पहिल्या पावलालाच सुखाचा हवा. वापरानें त्याची लांबी वाढत नाहीं.

नवे बूट भोपळ्यासारखे दिसतात, असें आमच्या चिरंजीवांचें मत आहे. पहिले आठ दिवस ते रोज अर्धाच तास वापरले. आतां अप्पा पूर्वीप्रमाणें सारसबागेपर्यंत जातात. घरांतही डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांच्या पायांत मऊ सपाता आल्या आहेत. आरंभीं आईची थोडी कुरकुर झाली, पण आतां त्या देवघराच्या दाराशीं तीच सरळ लावून ठेवते. सकाळीं बुटांत हात घालून खडा नाहीं ना हें पाहण्याचें काम नातीकडे आहे. रात्रीं दिव्याच्या उजेडांत त्यांचे तळवे व बोटांच्या बेचक्या पाहण्याचें काम आमच्याकडे. "झालें का रे पाहून?" असें ते विचारतात. झाल्यावर ते पाय खालीं ठेवतांना नकळत आमचे हात जोडले जातात; मात्र आतां पाय पाहून झाल्यावर.