वहीत लिहिलेली जखम

शाबानच्या पहिल्या आठवड्यात आमच्या आपांचं ऑपरेशन झालं. उजवा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. शब्द सरळ लिहिला, कारण घरात तो कित्येक महिने कुणी उच्चारला नव्हता. "आपांच्या छातीला जरा त्रास आहे," एवढंच आम्ही बोलायचो.

आम्ही म्हणजे तिघी. धाकटी बहीण, भाभी आणि आपांची सून. आमच्यातली एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून हे लिहायचं काम तिच्याकडे आलं.

बारा-तेरा दिवसांत टाके निघतील आणि मग तीन-चार आठवड्यांत केमो, असं ठरलं होतं. तेराव्या दिवशी पट्टी सोडली, तर टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडलेली. चार दिवसांनी ती कापून काढावी लागली. खाली साडेपाच सेंटिमीटरची उघडी जखम राहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही शिवायची नाही. खालून वर भरत येऊ द्यायची. भरली की केमो."

रोजची पट्टी भाभी करायच्या. साबणाने हात धुणं, सलाइनने जखम धुणं, ओलं गॉझ सैल भरणं, वर कोरडी पट्टी. आपा तोंड भिंतीकडे करून बसायच्या. ड्रेसिंगला गेलं की नर्स जखम मोजायची, आणि आम्ही तो आकडा चौकटीच्या वहीत लिहायचो. शेजारी साखरेचा आकडा. साडेपाच, पाच, पावणेपाच. मग आकडा हलेना. नऊ दिवस पावणेपाचच.

आधी द्राक्षांवर आळ आला. नाशकात फेब्रुवारी-मार्चमध्ये भेटायला येणारा कुणी द्राक्षांशिवाय येत नाही, आणि आपांना अकरा वर्षांचा डायबिटीस. उपाशीपोटी साखर २४०. इन्सुलिन सुरू झालं, द्राक्षं शेजारी वाटली. साखर उतरली, तरी जखम तिथेच.

एके सकाळी न्हाणीघराच्या कोनाड्यात सुनेला मिश्रीची डबी सापडली.

खरं तर सापडली म्हणणं खोटं आहे. डबी आम्हाला तिघींना माहीत होती, वीस वर्षांपासून. ऑपरेशनआधी नर्सने विचारलं होतं, "तंबाखू, मिश्री काही?" समोर दुल्हाभाई उभे होते, जावई उभे होते. आपा म्हणाल्या, "नाही." आणि आम्ही तिघी खाली बघत राहिलो.

पुढच्या भेटीत आम्ही सांगून टाकलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. स्तन काढल्यावर वर उरते ती पातळ कातडी, तिला रक्त पोचवतात अगदी बारीक नसा. तंबाखूतल्या निकोटीनने त्या आवळतात. वाढलेली साखर जंतूंशी लढणाऱ्या पेशींना दुबळं करते. "आधी कळलं असतं तर मिश्री आधीच बंद केली असती," एवढंच त्या म्हणाल्या. परतताना रिक्षात कुणी बोललं नाही.

आपांनी डबी स्वतः मोरीत रिकामी केली. तीन दिवस डोकं धरून बसल्या, सगळ्यांवर चिडल्या, बडीशेप चघळत राहिल्या. पण परत मागितली नाही.

दुसरी अडचण नमाजची. जखम पाझरत होती, आपांना वाटायचं आपण पाक नाही. आठवडाभर त्यांनी मुसल्ला उघडला नव्हता आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मोहल्ल्यातल्या आलिमाबाईंना घरी बोलावलं. त्यांनी समजावलं की पट्टीवर ओला हात फिरवणं पुरेसं आहे. जखम सतत वाहत असेल तर माणूस माजूर, प्रत्येक नमाजच्या वक्ताला नवा वुजू करावा, बस. त्या दिवशी आपांनी बसून जोहर पढली.

मग रमजान आला. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, कजा नंतर करता येते, हे आपांना लहानपणापासून ठाऊक होतं. तरी पहिल्या सहरीला त्या दस्तरखानवर आमच्यासोबत बसून रडल्या. जखम भरायला शरीराला प्रथिनं लागतात, म्हणून दुपारी बारा वाजता दोन उकडलेली अंडी आणि वरण. घरात सगळे रोज्याने, त्यांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी सहा वर्षांचा नातू ताट घेऊन शेजारी बसला. "दादी, आपण दोघं रोज्याला अजून छोटे आहोत." त्या दिवसापासून दोघं रोज एकत्र जेवले.

वहीत आकडे पुन्हा हलू लागले. चार, तीन, दीड. तेविसाव्या रोज्याला नर्सने पट्टी काढली आणि नवी बांधलीच नाही. घरी येऊन आपांनी आरसा मागितला. बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "वहीत लिही. शून्य." ईदनंतरच्या आठवड्यात केमो सुरू झाली. अल्हम्दुलिल्लाह, आता चार झाल्या.

भगिनींनो, जखम उशिरा भरली यात आमच्या लाजेचाही वाटा होता. गाठ उशिरा दाखवली तीही लाजेनेच. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, एक बाई आणि तिचे दोन हात.

म्हणून ऑपरेशन ठरलं की साखर तपासून घ्या. तंबाखू, मिश्री, हकिमाची पुडी, जे काही असेल ते डॉक्टरांना सांगा. पुरुषांसमोर जमत नसेल तर त्यांना बाहेर थांबायला सांगा. जखमेवर हळद किंवा लेप लावू नका. ताप, पू, वास किंवा पसरत जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वही आता आपांकडे असते. त्यात त्या कजा रोज्यांचा हिशेब लिहितात.