वेटिंग कन्फर्म!

२ मार्च २०२५. जामठ्याच्या स्टँडमध्ये ऊन डोक्यावर आलं होतं, तरी घरी जावंसं वाटेना. केरळविरुद्धची रणजी फायनल ड्रॉ झाली, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. आपला डावखुरा स्पिनर हर्ष दुबे स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ६९ विकेट्स, रणजीच्या एका सीझनमधला विक्रम! वर ४७६ धावा.

"याला आयपीएलमध्ये कोणीच कसं नाही घेतलं बे?" शेजारी बसलेला मित्र.

घेणार कसं? जेद्दाचं ऑक्शन नोव्हेंबर २०२४ मध्येच आटोपलं होतं, रणजीचा निम्मा सीझन बाकी असताना. १,५७४ जणांनी नावं दिली, विकले गेले १८२. बाकीच्यांनी काय करायचं? पुण्याच्या तिकिटाचं दिवाळीत होतं तेच. वेटिंग! कोणीतरी कॅन्सल व्हावं लागतं.

हैदराबादचा ॲडम झम्पा जखमी झाला, त्याच्या जागी कर्नाटकचा स्मरण रविचंद्रन आला. तोही जखमी! मग मे महिन्यात ३० लाखांत हर्षला बोलावणं. बदलीचा बदली, यार. १९ मेला लखनौविरुद्ध तो उतरला तेव्हा हैदराबाद प्लेऑफच्या शर्यतीतून बादही झालं होतं. कदाचित म्हणूनच नवख्याला बॉल मिळाला. २५ मेला कोलकात्याविरुद्ध त्याने तीन विकेट्स काढल्या. पुढच्या सीझनसाठी संघाने त्याला कायम ठेवलं.

त्या रात्री टीव्हीसमोर आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो. मध्येच मला स्मरण आठवला. तोही हीच मॅच बघत असेल का?