दोन ठोक्यांचें इंजिन

घरीं बांधलेल्या विमानाचें नांव काढतांच आपल्याकडील लोकांस तें एखाद्या हौशी माणसाचें वेड वाटतें. अमेरिकेंत मात्र या वेडासही कायद्याची चौकट आहे. बसणारा एकच, रिकामें वजन २५४ पौंडांहून कमी, म्हणजे सुमारें ११५ किलो, पेट्रोल पांच गॅलन आणि वेग ताशीं ५५ सागरी मैलांच्या आंत, एवढें पाळलें तर दाट वस्ती टाळून दिवसां उडविणाऱ्यास वैमानिकाचा परवाना लागत नाहीं, असा नियम तेथें १९८२ सालीं झाला. आमचा थोरला पुतण्या इलिनॉय प्रांतांत अशाच एका विमानाचा सांगाडा मोटार ठेवण्याच्या खोलींत जोडीत आहे. “काका, इंजिन कोणतें घेऊं?” असें त्यानें विचारलें. आम्हीं आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकविलें, म्हणून प्रश्न आमच्याकडे आला. पण पत्र पंगतींत मोठ्यानें वाचलें गेलें आणि तो साऱ्या घराचा झाला.

इतक्या थोड्या वजनांत चार ठोक्यांचें इंजिन बसविणें कठिण. त्याचा दांडा दोन वेळां फिरतो तेव्हां पिस्टन एकदां जोर देतो. दोन ठोक्यांच्या इंजिनांत तो प्रत्येक फेऱ्यास देतो. शिवाय झडपा नाहींत, त्या उघडझाप करणारा दांडा नाहीं, तेलाची निराळी टाकी खालीं लोंबत नाहीं. थोड्या धातूंत पुष्कळ शक्ति मिळते ती अशी.

परंतु याच काटकसरींत त्याचा दोष आहे. ज्यांच्या घरीं जुनी टू-स्ट्रोक स्कूटर होती, त्यांस पेट्रोलांत ऑईल मिसळून घेतल्याचें आठवत असेल. या इंजिनांतही साधारणपणें पेट्रोलाचे पन्नास भाग आणि तेलाचा एक, असें मिश्रण जातें. म्हणजे पेट्रोल येईल तेव्हांच तेल येणार. उंचावरून खालीं येतांना वैमानिक पेट्रोल बंद करीत आणतो, वाऱ्यानें पंखा मात्र फिरत राहतो, आणि इंजिन जवळजवळ कोरडें चालतें. उलट थंडीच्या दिवसांत हवा दाट होते. उन्हाळ्याचाच जेट कार्ब्युरेटरांत राहिला तर पेट्रोल हवेच्या मानानें कमी पडून आंतील उष्णता वाढते. दोहोंचाही शेवट एकच: पिस्टन सिलिंडरांत अडकून बसतो. मेकॅनिक लोक त्यास ‘सीझ झालें’ म्हणतात. धुराड्यांतील वायूचें तापमान दाखविणारें घड्याळ आम्ही म्हणूनच चैनीची वस्तु मानीत नाहीं.

ऑस्ट्रियांतील रोटॅक्स कारखान्याचीं हीं इंजिनें बर्फावरच्या गाड्यांच्या घराण्यांतलीं. बर्फांत इंजिन थांबलें तर माणूस चार शिव्या देऊन पायीं घरीं येतो. आकाशांत ती सोय नाहीं. हें इंजिन केव्हांही एकाएकीं थांबूं शकतें, असें कारखान्यानेंच आपल्या पुस्तिकेंत स्पष्ट बजाविलें आहे.

पुतण्याच्या मनांत दोन इंजिनें होतीं. ४४७ हें सुमारें ४० अश्वशक्तीचें, दर सिलिंडरास एकच प्लग. ५०३ हें सुमारें ५० अश्वशक्तीचें, थोडें जड, पण ठिणगीची योजना दुहेरी. ५०३ आतां नवें निघत नाहीं, जुनेंच शोधावें लागतें. वेगाच्या मर्यादेकडे पाहतां ४० अश्वशक्ति पुरे. तरीही आम्हीं ५०३ कडेच कौल दिला. अधिक दहा घोड्यांचा आम्हांस मोह नाहीं. एक प्लग काजळला तर दुसरा आहे, एवढ्यासाठींच. सीझ होण्यावर मात्र दुहेरी ठिणगीचा कांहीं उपाय चालत नाहीं, हेंही त्यास लिहिलें.

वहिनी हें सारें ऐकत होत्या. त्यांनीं विचारलें, “भाऊजी, न थांबणारें एखादें नाहीं का?” मुलाच्या आईस खोटें सांगून धीर देणें आम्हांस जमलें नाहीं. आम्हीं म्हटलें, “नाहीं. पण इंजिन बंद पडलें तरी विमान दगडासारखें पडत नाहीं. नियमाप्रमाणें तें ताशीं २४ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ४४-४५ किलोमीटरपर्यंत, वेग उतरला तरी तरंगलें पाहिजे. तेवढ्या वेगानें तें एखाद्या शेतांत उतरवितां येतें.” इलिनॉय सपाट आहे खरा, पण उन्हाळ्यांत तेथें मका पुरुषभर उंच उभा असतो, तेव्हां कापलेलें शेत किंवा कुरण नेहमीं टप्प्यांत ठेवूनच उडावें, असें पत्रांत घातलें. संबंध विमानास तोलून धरणारें पॅराशूट बसविल्यास वजनांत आणखी २४ पौंडांची सूट मिळते, हेंही कळविलें. वहिनींनीं तेवढें वाक्य पुन्हां वाचून घेतलें.

पुतण्याचें उत्तर परवां आलें. सांगाडा तोलून पाहतां ५०३ साठीं कांहीं पौंड कमी करावे लागणार; तो चाकें हलकीं घेणार आहे. एक जुनें इंजिन त्यानें पाहून ठेविलें आहे, पण दांड्याचे सील बदलून आंतील भाग तपासून घेतल्यावांचून पैसे देणार नाहीं. पॅराशूट मात्र त्यानें आईच्या सांगण्यावरून आधींच मागविलें.