वल्हं

उल्हास नदीला मे महिन्यातही पाणी असतं. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटून डोहांपुरत्या उरतात, आमची मात्र वाहत राहते. कारण घाटमाथ्यावर आहे. टाटांनी १९२२ साली तिथे ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवली, तिचं पाणी भिवपुरीच्या वीजघरावर उतरवलं आणि पुढे उल्हासमध्ये सोडलं. एरवी ते इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. आता ते बदलापूरवरून अरबी समुद्राकडे जातं. लहानपणी मला यातलं काही माहीत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत चामटोलीला मामाकडे गेलं की होडीत बसायला मिळतं, एवढं मात्र पक्कं माहीत होतं.

मामाची होडी सपाट बुडाची होती आणि वल्हं म्हणजे बांबूच्या टोकाला ठोकलेली फळी. त्या वल्ह्याला इतक्या हातांनी गुळगुळीत केलं होतं की कुसळ म्हणून लागत नसे. मी जीव खाऊन पाणी मागे ढकलायचे आणि होडी जागच्या जागी गोल फिरायची. मामा म्हणायचा, "ढकलू नको, बाय. पाण्याला धरून ठेव. होडी तिची ती जाते." पुढे अनेक वर्षांनी कयाकिंगच्या प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पातं पाण्यात रोवायचं, ते तिथेच आहे असं मानायचं, कमरेतून वळायचं आणि नाव त्या पात्याच्या पुढे न्यायची. दंडांनी ओढणारा माणूस तासाभरात थकतो. पाठ आणि पोट वापरणारा दिवसभर जातो.

घर अंबरनाथला, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत. आमच्या वाट्याची नदी वालधुनी. १०६० सालचं शिवमंदिर तिच्या काठावर आहे. ज्यांनी ते बांधलं त्यांनी पाण्याशेजारची ती जागा मुद्दाम निवडली असणार. मी शाळेत असताना त्या पाण्याला रंग असे, आणि तो रोज वेगळा असे. पुलावरून जाताना नाक दाबायचं, हे आम्ही रस्ता ओलांडण्याइतक्या सहजपणे शिकलो. नदीकडे न बघण्याची ही सवय इथल्या सगळ्या गावांना लागली आहे आणि मला तिचं फार वाईट वाटतं. नळाला पाणी येतं ते बारवी धरणाचं आणि उल्हासचंच. पण नदीकाठी राहतो असं आमच्यापैकी कुणी स्वतःबद्दल सांगत नाही.

समुद्र मला पहिल्यांदा भेटला तो उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये. तिथे एक वयस्कर सिंधी दुकानदार होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. वह्या बांधून देता देता ते कराचीच्या केमारी बंदराबद्दल बोलायचे. फाळणीनंतर आगबोटीने मुंबई, तिथून कल्याणची लष्करी छावणी, आणि १९४९ मध्ये त्याच छावणीचं झालेलं उल्हासनगर. डेकवरून कच्छ-काठियावाडचा किनारा कधी पुसट दिसला, कधी दिसलाच नाही, असं ते सांगायचे. त्यानंतर ते समुद्रावर कधी गेले नाहीत.

म्हणूनच ऑस्कर स्पेकबद्दल वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी ते काका आठवले. स्पेक हॅम्बुर्गचा वीजतंत्री. मंदीत धंदा बुडाला म्हणून १९३२ मध्ये तो उल्म गावी डॅन्यूब नदीत घडीच्या कयाकमधून उतरला. लाकडी सांगाडा, त्यावर रबर चढवलेलं कापड, लांबी जेमतेम साडेपाच मीटर. जायचं होतं सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत कामाला. पण तो पुढे जातच राहिला. युफ्रेटिस नदी, इराणचं आखात, बलुचिस्तानचा ओसाड किनारा, कराची. आणि कराचीहून आपल्या पश्चिम किनाऱ्याने थेट श्रीलंका. १९३५ च्या सुमारास एक माणूस वल्हं मारत मुंबईवरून, रत्नागिरीवरून, मालवणवरून खाली गेला. काकांची आगबोट बारा-तेरा वर्षांनी ज्या पाण्यातून आली, त्यातून हा आधीच हातांनी वाट काढत गेला होता. मलेरियाने तो अनेकदा आडवा झाला, पण थांबला नाही. १९३९ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला साईबाई बेटावर तो उतरला, तेव्हा महायुद्ध सुरू झालं होतं. जर्मन म्हणून त्याला पकडलं आणि युद्ध संपेपर्यंत डांबून ठेवलं. सात वर्षांच्या प्रवासाचा असा शेवट मला आजही सहन होत नाही.

आपल्याकडेही हे वेड आहे. कौस्तुभ खाडे २०१५ मध्ये एकटा मुंबईहून गोव्याला वल्हवत गेला आणि नंतर गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा सुमारे ३,००० किलोमीटरचा किनारा त्याने पुरा केला. त्याच्या बातम्यांनी माझ्यासारख्या चाळिशी गाठलेल्या बाईलाही बळ दिलं. मी कोकणात शिकले, आणि मग गटाबरोबर मोहिमांवर जायला लागले.

वेळासच्या खाली, हर्णैच्या पुढे, किनाऱ्याचे असे पट्टे आहेत की जिथे कड्याखाली ना रस्ता येतो ना मोबाइलला रेंज. कयाकमध्ये बसलं की डोळे पाण्यापासून हातभर उंचीवर असतात; क्षितिज अगदी जवळ येतं आणि साधी लाटही भिंतीसारखी वर येते. दिवस वाऱ्यावर आखायचा. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, समुद्र सपाट असतो, तेव्हा निघायचं. दुपारी खारा वारा जोर धरण्याआधी किनारा गाठायचा. खरी कसोटी उतरताना लागते. लाटा गटागटाने येतात. फुटण्याच्या रेषेबाहेर थांबून त्या मोजायच्या, मोठ्या जाऊ द्यायच्या आणि शेवटच्या मोठीच्या पाठीवरून आत शिरायचं. नाव आडवी झालीच तर अंग लाटेकडे झुकवायचं, किनाऱ्याकडे नाही. शरीराला हे पटवायला फार वेळ लागतो, कारण भीती नेमकी उलट सांगते.

आणि तरीही सगळ्यात अनोळखी मुलूख मला घराजवळ सापडला. कल्याणच्या दुर्गाडीपासून वसईपर्यंतची खाडी. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजं याच खाडीत बांधायला घेतली. आम्ही ओहोटीबरोबर निघालो. डोंबिवलीचा मोठागाव, मग मुंब्र्याचा डोंगर, कशेळीचा पूल. वर लोकल धडधडत होती, खाली तिवरांच्या मुळांतून निवट्या उड्या मारत होत्या. गायमुखच्या पुढे एका बाजूला येऊरचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला नागला. दोन्हीकडे बिबट्याचा वावर. पाण्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. लाखो माणसं त्या पुलांवरून रोज जातात. मीही आयुष्यभर गेले होते. घोडबंदरला पाण्याला खारट वास आला, पाणजू बेट मागे पडलं आणि वसई किल्ल्याच्या तटाखाली पहिली खरी लाट नावेखालून गेली. भिवपुरीचं, बदलापूरचं पाणी तिथपर्यंत आमच्याबरोबर आलं होतं, घाण पोटात घेऊन. त्या घाणीचा राग मला रस्त्यावरून कधी इतका आला नव्हता.

या नदीचं दुसरं रूपही आम्ही पाहिलं आहे. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, पुरात अडकली. हजारावर प्रवासी. एनडीआरएफ आणि नौदलाच्या रबरी बोटी मामाच्या शेतांवरून फिरल्या, गावातली माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि सगळे सुखरूप बाहेर आले. मामा तेव्हा हयात नव्हता. त्याचं वल्हं आता माझ्याकडे आहे, बांबू चिरलेला.

आता भाची म्हणते, बदलापूरपासूनच निघू. विसर्जनाच्या घाटावर उतरायचं, बॅरेजला नावा उचलून न्यायच्या, मुक्काम रायत्याला. मोहन्याच्या बंधाऱ्यावर पुन्हा नावा खांद्यावर. तिथे जलपर्णी किती असेल ते आधी जाऊन पाहावं लागेल. पुढचा हिशेब भरतीचा. कोळ्यांची रीत सोपी: तिथीला पाऊण तासाने गुणायचं, मुंबईच्या भरतीची वेळ निघते. सप्तमीला सव्वापाच. कल्याणपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, म्हणजे उजाडता उजाडता दुर्गाडीला ओहोटी लागायला हवी. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, ओढ कमी. पण चिखलही कमी उघडा पडतो आणि नवखीला ते बरं. कार्तिक शुद्ध सप्तमी आम्ही पक्की केली आहे.