यादीत नसलेलं नाव

ऑगस्ट 2006. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरतचा मोठा भाग बुडाला. पाणी ओसरू लागल्यावर आमच्या मंडळीतल्या काही जणांनी अडाजणमध्ये चिखल तुडवत पुरी-भाजीची पाकिटं वाटली. मीही त्यांत होतो. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मदत करणाऱ्यांची नावं वाचली गेली. माझं नाव राहून गेलं होतं.

साधी नजरचूक होती. पण ती मला इतकी लागली की शेवटच्या गीताला मी तोंडही उघडलं नाही. घरी येऊन मत्तयचा 6वा अध्याय काढला. लोकांनी पाहावं म्हणून दानधर्म करणाऱ्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे, असं प्रभू येशू तिथे सांगतो. मला तर तेही मिळालं नव्हतं! आधी हसू आलं, मग डोळे भरून आले.

मन शुद्ध होईपर्यंत सेवा बंद, असं त्या रात्री मी ठरवलं. हीच नम्रता, असं वाटलं. पण प्रियांनो, त्यातही मी माझाच विचार करत होतो. भुकेल्या माणसाने माझा हेतू विचारला नव्हता. त्याला पुरी हवी होती.

दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन पुन्हा गेलो.

हेतूत भेसळ आजही असते. म्हणून कामाला हात लावण्यापूर्वी एवढंच मागतो: प्रभू, आज मला कुणी पाहिलं नाही, तरी माझे हात थांबू देऊ नकोस. आमेन.