चावी खिशात ठेवा

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी रात्रीतून गल्लीत चढलं आणि सकाळी आई-बाबांना घेऊन आम्ही होडीतून बाहेर पडलो. गाडी पार्किंगमध्येच राहिली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

पूर ओसरल्यावर परतलो तर गाडीच्या काचांपर्यंत चिखलाची रेघ. दार उघडताच गढूळ पाणी पायांवर आलं. तीन वर्षांची गाडी, तिची ती दशा बघवेना. एकदा स्टार्टर मारून बघावा म्हणून चावी लावलीही होती, पण हात थबकला आणि आधी गॅरेजच्या मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "चावी काढा आणि खिशात ठेवा. पाणी दबत नाही, साहेब."

त्या एका वाक्यानं माझं इंजिन वाचवलं. पिस्टन वर येतो तेव्हा सिलिंडरमधली हवा दबते. तिथे पाणी भरलेलं असेल तर सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. त्याला स्टार्टरचा एक झटकाही पुरतो. मग साफसफाईत भागणाऱ्या कामासाठी इंजिन उतरवावं लागतं.

फोनवर ते सांगत गेले, मी करत गेलो. बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची काळी वायर आधी सोडवली. बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. लाल वायर आधी सोडवायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. मग ऑइलची पट्टी काढून फडक्यावर पुसली. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, म्हणजे इंजिनात पाणी शिरलेलं. एअर फिल्टरही ओलाचिंब. "आता हात लावू नका," मिस्त्री म्हणाले. "फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही खोलायचं नाही."

पॉलिसीचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात होता. त्याचा लगदा झाला होता. नंबर एजंटकडून मिळवला. चिखलाची रेघ, नंबरप्लेट आणि मीटर दिसेल असे फोटो काढले. गाडी टो करूनच गॅरेजला नेली.

पॉलिसी नीट वाचली ती त्यानंतर. फुल इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान धरतात. पण पाणी शिरलेलं इंजिन चालू करायला गेल्यानं झालेली मोडतोड सहसा नाकारली जाते. तिच्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. तेव्हा चावी फिरवली असती तर तो खर्च माझ्याच अंगावर आला असता. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हरही नव्हतं, त्यामुळे रबर, प्लास्टिकचे भाग आणि बॅटरी यांचे निम्मे पैसे मीच भरले. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांकडे फक्त थर्ड पार्टी होता. कायद्यानं तेवढाच सक्तीचा, पण त्यात स्वतःच्या गाडीसाठी रुपयाही मिळत नाही. त्यांचा उतरलेला चेहरा मी विसरलेलो नाही.

त्या क्लेममुळे माझा नो क्लेम बोनस शून्यावर आला. क्लेम न करता पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, पुढे चढत पाच वर्षांनी ५० टक्के सवलत मिळते. तीही ओन डॅमेजच्या हप्त्यावर. म्हणून आता आरसा फुटला, बंपरला ओरखडा गेला तर मी क्लेम करत नाही. किरकोळ कामं घरीच शिकलो : एअर फिल्टर बदलणं, वायपरचं रबर, हेडलाइटचा बल्ब, टर्मिनलवर साठलेली पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुणं. ब्रेक, स्टिअरिंग आणि पाण्यात गेलेलं इंजिन मात्र मिस्त्रींचंच. स्वतः काय करायचं याइतकंच कुठे हात आखडायचा हेही कळलं पाहिजे.

आता दर मे महिन्यात पॉलिसी बाहेर काढतो. तारीख, इंजिन प्रोटेक्ट, झीरो डेप तपासतो. एक प्रत फोनमध्ये, एक वरच्या मजल्यावरच्या कपाटात.

जुलै २०२१मध्ये नदी पुन्हा चढू लागली. पाण्यानं ४० फुटांची इशारा पातळी गाठली तेव्हा आमची गाडी मिरजेत बहिणीच्या दारात, कोरड्या जमिनीवर उभी होती.