नेपाळहून सुमनला

काठमांडू, सोमवार

चि. सुमन,

सुखरूप पोचलो. गटातल्या एका बाईंना मात्र दिल्लीच्या विमानतळावरूनच परत फिरावं लागलं. त्यांच्याजवळ नुसतं आधार कार्ड होतं. नेपाळच्या विमानाला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं. पासष्टीच्या वरच्यांना थोडी सवलत आहे, पण ह्या साठीच्या. तूही निघणार आहेस, तर तुझं मतदान कार्ड कुठं आहे ते आजच बघून ठेव.

इथं व्हिसा लागत नाही, हिंदी चालते, आपल्या शंभराचे त्यांचे एकशेसाठ होतात आणि घड्याळ तेवढं पंधरा मिनिटं पुढं. त्यामुळं परदेशी आलोय असं कुणाला वाटतच नाही, म्हणून सगळे गाफील. काळजी काय ती पैशांची. आपल्या सांगलीकरणींनी परकराला आतून खिसे शिवलेत, बसताना-उठताना हात तिथंच.

विट्याकडच्या पाहुण्यांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळण्याच्या, दुकानात काल जेवायला गेले होते. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं ही माणसं कुठं कुठं नेऊन टाकली बघ! मूस, भट्टी, तेजाबाचा वास आणि ताटात शेंगदाण्याची चटणी. एवढं सोनं हाताळायचं तर भीती वाटत नाही का, असं मी विचारलं. म्हणाले, ‘‘अक्का, चोराची सवय झालीय. कधी निघणार हे दुकानातल्या पोरालासुद्धा सांगत नाही. पण रात्रीच्या गाडीत बसत नाही. इथल्या रस्त्याला मी जास्त भितो.’’ सप्टेंबर २०२५ च्या दंगलीत सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार जळाला, विमानतळ बंद पडला, तेव्हा त्यांनी शटर ओढलं आणि घरात बसून राहिले. बघायला म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंतही गेले नाहीत. हे मला फार पटलं.

पोखरा, गुरुवार

काठमांडू ते पोखरा दोनशे किलोमीटर, आणि कालचा दिवस त्यातच गेला. रस्ता रुंद करण्याचं काम चाललंय. एका अंगाला उकरलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला आधी त्रिशूली नदी आणि मुगलिंगपासून पुढं मर्स्यांगदी. ह्याच मर्स्यांगदीत २३ ऑगस्ट २०२४ ला आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस कोसळली. सत्तावीस माणसं गेली, बहुतेक वरणगाव-भुसावळकडची. त्याच्या आधीच्या महिन्यात चितवनला सिमलतालजवळ दरड आली आणि दोन बसगाड्या पहाटेच्या अंधारात त्रिशूलीत गेल्या. दोन्ही अपघात पावसाळ्यातले. जून ते सप्टेंबर स्वस्तात यात्रा नेतो असं कुणी म्हणालं, तर तो स्वस्तपणा कशातला ते ओळखावं.

आमचा ड्रायव्हर काल सकाळी चहाच्या टपरीवर जांभया देत होता. मी विचारलं, रात्री झोपलास का? तो हसला, म्हणाला, दुसरी गाडी सोडून पहाटे आलो. मी टूरच्या मॅनेजरला म्हणाले, ह्याला दोन तास झोपू दे, मग निघू. गटात कुरकुर झाली, एक देवदर्शन हुकणार होतं. ज्यांनी खिसे शिवले त्याच जास्त कुरकुरल्या! निघालो मात्र दोन तासांनीच.

आज संध्याकाळी फेवा तलावावर गेलो. नावाड्यानं जॅकेट घातल्याशिवाय नाव सोडली नाही. साडीवर ते केशरी जॅकेट म्हणजे फोटो बिघडतो, अशी एकीची तक्रार. मला २०१९ च्या पुरातली आपल्याकडच्या ब्रह्मनाळची बोट आठवली. माणसं जास्त झालेली ती बोट उलटली तेव्हा किती जणांच्या अंगावर जॅकेट होतं? मी पट्टे करकचून बांधले.

जोमसोम, रविवार

इथं विमानं सकाळीच येतात-जातात. उन्हं चढली की काली गंडकीच्या दरीत वारा असा सुटतो, की मग काही उडत नाही. परवा पोखऱ्याहून येताना ढगांमुळं आमचं विमान रद्द झालं, तर लोक मॅनेजरच्या अंगावर धावून गेले. मी त्याची बाजू घेतली. मे २०२२ मध्ये ह्याच मार्गावर बावीस माणसांचं विमान ढगाळ हवेत डोंगरावर आदळलं, त्यात ठाण्याचं एक कुटुंब होतं. नेपाळी विमान कंपन्यांना युरोपीय संघानं २०१३ पासून आपल्या आकाशात बंदी घातली आहे. अशा ठिकाणी ‘आज नको’ म्हणणाऱ्या माणसाचे आभारच मानायला हवेत.

मुक्तिनाथ आज झालं. जोमसोम सत्ताविसशे मीटरवर, मंदिर तिथून हजारेक मीटर वर. चार पावलं टाकली की थांबायचं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या बायका एकशेआठ बर्फगार धारांखाली धावत निघाल्या. मी डोक्यावर पाणी शिंपडून घेतलं. देवाला तेवढं चालतं. एकीला रात्री डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. तिला वर न नेता खालीच ठेवलं, हे बरं केलं.

भजनी मंडळाचा गट घेऊन तू निघणार आहेस, तर टूरवाल्याला जेवणात पुरणपोळी आहे का हे नंतर विचार. आधी विचार, की एका गाडीला ड्रायव्हर किती, रात्रीचा प्रवास आहे का, विमान रद्द झालं तर राखीव दिवस ठेवलाय का, आणि विमा उतरवलाय तो उंचावरच्या आजाराला चालतो का. उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घे. तो टाळाटाळ करायला लागला तर पैसे भरू नकोस. सांगलीत टूरवाले पुष्कळ आहेत.

तुझी,
अक्का